पाचवं घर आधी

भिवंडीजवळच्या पूर्णा गावात गोदाम उभं राहणं ही आता बातमी राहिलेली नाही. तिथे माणसांपेक्षा वॉशिंग मशिनांची वस्ती जास्त, आणि छपरंही त्यांचीच चांगली. पण चांगदेव केण्यांनी आपलं गोदाम आपणच बांधायचं ठरवलं, ही मात्र बातमी होती, आणि ती गावाला चहाबरोबर आठवडाभर पुरली. रीत अशी, की जमीन एखाद्या बिल्डर सेठला करारावर द्यायची, गोदाम सेठने उभारायचं, भाड्यातला मोठा घास सेठने घ्यायचा आणि मालकाने गेटबाहेर प्लास्टिकची खुर्ची टाकून आपल्याच जमिनीत कोण कोण शिरतं ते बघत बसायचं. चांगदेवना ती खुर्ची नको होती.

अडचण एवढीच, की जमीन एकट्याची नव्हती. धाकटा भाऊ चंद्रा बरोबरीचा मालक, आणि सेठच्या करारावर चंद्राची सही होऊनही गेली होती. चांगदेवची तेवढी राहिली होती. दिवाळीत भावकीसमोर दोघांचं ठरलं. दसऱ्यापर्यंत गोदाम भाडेकरू कंपनीच्या ताब्यात गेलं, तर चंद्रा करार फाडणार. नाही गेलं, तर चांगदेव मुकाट सही करणार.

"भावानं भावाला दिलेली मुदत हाय," चंद्रा म्हणाला. "मी एक दिस वाढवणार न्हाय आन तू मागायचा न्हाय."

भाडेकरू कंपनी तयार होती. तिची अट एकच : दसऱ्याला गोदाम पूर्ण हवं, आणि आग विझवायच्या पाण्याची सोय पक्की हवी. वॉशिंग मशीन पाण्याचीच असली तरी खोक्यात असेपर्यंत ती जळते, असं कंपनीच्या साहेबांनी चांगदेवना समजावून सांगितलं.

चांगदेवना हा सगळा डाव्या हातचा मळ वाटत होता. कारण भावकीत काय नव्हतं? गावदेवीच्या पालखीला केण्यांची पाच घरं खांदा देतात, आणि त्या पाचही घरांनी जमिनी विकून आलेल्या पैशांतून काही ना काही धंदा उभा केलेला. पहिलं घर चिंधूदादांचं, त्यांचं काँक्रीट. दुसऱ्या घराचे पत्रे, तिसऱ्याची शटरं, चौथ्याच्या क्रेन, पाचव्याचे जेसीबी आणि डंपर. गोदामाला आणखी लागतं काय? आणि काम आधी कोणाला द्यायचं हा प्रश्न केण्यांच्या घराण्यात कधी पडलेलाच नव्हता. पालखीला खांदा ज्या क्रमाने, लग्नात पानं ज्या क्रमाने, होळीला निवद ज्या क्रमाने, त्याच क्रमाने. मानाने.

त्यामुळे गोदामाचं पहिलं काम झालं ते फ्लोअरिंगचं.

चिंधूदादांचे मिक्सर कापलेल्या भातशेतात उतरले आणि मधोमध एक ऐसपैस चौथरा ओतून गेले. खाली मुरूम-मातीची भरणी नव्हती, वर छप्पर नव्हतं, बाजूला भिंत नव्हती. पण मान पहिला होता आणि तो राखला गेला. मग दुसऱ्या घराचे पत्रे आले. ते चढवायला सांगाडा नव्हता म्हणून चौथऱ्यावरच रचले. मग शटरं आली, ती पत्र्यांवर. संध्याकाळी पोरं तिथे चढून क्रिकेट बघत. रस्त्याने जाणाऱ्याला वाटे, इथे कोणाचं तरी गोदाम जमिनीवरून उचलून नेलं आहे आणि सामान तेवढं विसरलं आहे.

हे सगळं मॅनेजर नसल्यामुळे झालं असं मात्र कोणी म्हणू नये. मॅनेजर होता. बहिणीचा मुलगा देवेश, ठाण्याहून एमबीए झालेला. पोरगा हुशार होता. भरणी आधी, मग पाया, मग सांगाडा, मग पत्रे, फ्लोअरिंग सगळ्यात शेवटी छपराखाली, हे त्याला पाठ होतं. पण पाचही घरांचे कर्ते त्याचे मामे लागत. मामा समोर आला की आधी वाकून पाया पडायचं. देवेश पाया पडे, मामा आशीर्वाद देत, आणि तो वर येईपर्यंत ट्रक आत गेलेला असे. हरकत घ्यायची तर ती उभ्याने घ्यावी लागते. देवेशला ती संधी मिळाली नाही. जानेवारीत त्याने पुण्यात नोकरी धरली आणि जाताना पाचही मामांच्या पाया पडून गेला.

मग चांगदेवनी पवईचे एक साहेब ठेवले. साहेबांच्या नावापुढे पदव्यांची एवढी अक्षरं होती, की पत्रिकेत छापायची तर पत्रिका दुमडून द्यावी लागली असती. त्यांचा कामाचा तक्ताही खरंच उत्तम होता. रंगीत पट्ट्या, प्रत्येक पट्टी बरोबर जागी. चूक काढायला जागा नव्हती. फक्त साहेब स्वतः पवईत आणि तक्ता त्यांच्याजवळ. दर सोमवारी व्हिडिओवर बैठक होई. पाचही घरं न चुकता हजर राहत, आणि साहेबांना पाच निरनिराळ्या घरांचे पंखे फिरताना दिसत. साहेब विचारत, समजलं का? पंख्याखालून आवाज येई, समजला. शिमग्यात गावात लागोपाठ सहा हळदी निघाल्या आणि डंपरच्या ड्रायव्हरपासून मालकापर्यंत सगळे त्या मांडवांत गेले, तेव्हा साहेबांनी "अपरिहार्य कारणास्तव काम लांबणीवर" असा एक मेल पाठवला. शिमग्यात हळदी लागतात हे भिवंडी तालुक्यात शेळीलाही ठाऊक असतं.

चांगदेवची बायको तुळजा इतके दिवस काही बोलली नव्हती. आता भाकरी थापता थापता म्हणाली, "गेटाबाहेरची खुर्ची आणायची तर आताच आणा. जाड बघा, हलकी मोडती लवकर."

दुसऱ्या दिवशी चांगदेव शेताच्या बांधावर उभे राहिले. शेजारी एका मोठ्या कंपनीच्या गोदामाचं काम चाललं होतं. त्यांनी ते रोज पाहिलं होतं, पण त्या दिवशी त्यांच्या डोळ्यांना एक गोष्ट खटकली. तिथे रस्त्यावर ट्रकांची रांग नव्हती. डंपर येई तेव्हा जेसीबी मोकळा असे. लोखंड उतरे तेव्हा क्रेन उभी असे. कोणी ओरडत नव्हतं. भिवंडीत काम चाललंय आणि कोणी ओरडत नाही, म्हणजे काम बंद पडलंय असंच कोणीही समजलं असतं. त्यांनी वॉचमनला विचारलं, इथला साहेब कोण?

"साहब नहीं है, मॅडम है," वॉचमन म्हणाला.

मॅडमचं नाव ललिता दुमाडा. वाड्याकडच्या डोंगरातल्या पाड्यावरची, सिव्हिलचा डिप्लोमा केलेली, दहा वर्षं गोदामांच्याच कामावर काढलेली. राहायला जवळच्या कोन गावात. तिथलं काम महिनाअखेर संपत होतं. चांगदेवनी तिला घरी बोलावलं. या वेळी त्यांनी मुलाखत नीट घ्यायची असं ठरवलं होतं. पहिल्या दोन वेळेला त्यांनी एकाची आई कोण ते पाहिलं होतं आणि दुसऱ्याचं कार्ड.

पण मुलाखत तिनेच घेतली. आधी जागेवर जाऊन आली, चौथरा, पत्रे, शटरं असा तो ढीग चारी बाजूंनी पाहिला, आणि हसली नाही. हे चांगदेवना आवडलं. मग तिने विचारलं, कोणतं काम कोणाकडे. चांगदेवनी सांगितलं, अर्थातच मानाच्या क्रमाने.

"आणि आगीच्या पाण्याचे पाइप? ते फ्लोअरिंगच्या खालून जातात. ते कोणत्या घराचे?"

चांगदेवनी बोटांवर घरं मोजली. पाइप कोणत्याच घराचे नव्हते. त्यांना मान नव्हता, म्हणून ते कोणाला आठवलेच नव्हते.

"ते मी बघेन," ती म्हणाली. "बाकी भरणी ज्यांची आहे, ते पाचवं घर आधी येईल."

चांगदेव हसले. पालखी उलटी नाचवा म्हटल्यासारखं होतं ते. मग त्यांच्या लक्षात आलं की समोरचं माणूस हसत नाहीये.

"आमच्यात तसा न्हाय चालत, मॅडम. चिंधूदादा उभा राहील गेटात."

"राहू दे. गेट आधी पाहिजे. तुमच्या जागेला गेटच नाहीये, काका." मग तिने अटी सांगितल्या. जागेला पत्र्याचं कुंपण, एक गेट, गेटची चावी तिच्याकडे. आत काय येईल आणि कधी येईल ते ती ठरवणार. चांगदेवना काही सांगायचं असेल तर तिला सांगायचं, तिच्या मागून कोणाला नाही. "भावकीतल्या कोणाला नाही म्हणायची पाळी आली, तर ते मी म्हणेन. माझी पालखीत जागा नाही, मला त्याचं काही वाटत नाही. पण मी नाही म्हटल्यावर तुम्ही हो म्हणायचं नाही."

हे चांगदेवनी कबूल केलं. कबूल करताना ते त्यांना सोपं वाटलं.

भावकी जमली. चिंधूदादा सत्तरीचे, पांढरी टोपी, हातात सोन्याचं जाड कडं. ते ललिताशी न बोलता तिच्या डोक्यावरून चांगदेवशी बोलले. "काय रं चांग्या, आता डोंगरावरची पोर आमाला शिकवणार?"

"शिकवणार नाही, दादा," ललिता म्हणाली. "थांबवणार."

"आमी कोनाला थांबतो?"

"म्हणून तर तुमचं काँक्रीट शेतात एकटं पडलंय."

मागे कोणीतरी हसलं आणि लगेच खोकलं. चिंधूदादा उठून गेले नाहीत, हेच खूप झालं. ललिताने मग सरळ सांगितलं, की नारळ मानानेच फुटतील. एका सकाळी पाचही घरांनी आपापल्या कामाचे नारळ क्रमाने फोडावेत, पहिला चिंधूदादांचा. त्यानंतर काम कामाच्या क्रमाने. प्रत्येकाला आठ दिवस आधी फोन जाईल, चार दिवस आधी पुन्हा जाईल. फोनशिवाय आलेला ट्रक रस्त्यावर उभा राहील आणि त्याचा खोळंबा ज्याचा त्याने सोसायचा.

पहिल्या आठवड्यात दुसऱ्या घराचा ट्रक फोनशिवाय आला. गेट उघडलं नाही. त्या घराचे कर्ते स्वतः आले, चांगदेवना फोन केला. चांगदेवनी फोन उचलला नाही, आणि तुळजाने सांगितलं की ते देवळात गेलेत. त्या आठवड्यात चांगदेव इतक्या वेळा देवळात गेले, की पुजाऱ्याने त्यांना बरं आहे ना असं विचारलं.

पण काम सुरू झालं. भरणी पडली, आणि चिंधूदादांचा पहिला चौथरा तिच्याखाली गेला. अजून तिथेच आहे. क्रेन आली, सांगाडा उभा राहिला, पत्रे पत्र्यांच्या जागी चढले. हळदींच्या तारखा ललिताने गावातल्या बायकांकडून आधीच काढून घेतल्या होत्या आणि त्या दिवशी लागेल ते सगळं आदल्या दिवशी करून घेत होती. चिंधूदादांना तिने दोनदा जाऊन सांगितलं, तुमचं काम पाइप टाकल्यावर, छपराखाली, सगळ्यांना दिसेल असं. चंद्रा रोज बाइकवरून यायचा, गेटबाहेर थांबून बघायचा आणि परत जायचा. त्याचा चेहरा दिवसेंदिवस उतरत होता. करारावर सही केलेला माणूस आणि काय करणार.

जूनअखेर आतल्या जमिनीत पाइपांसाठी चर खणून तयार झाले. पाइप मात्र कळंबोलीला अडकले. दुकानदार रोज उद्या म्हणत होता. ललिता शेवटी टेम्पो घेऊन स्वतः गेली आणि जाताना गेटची चावी चांगदेवच्या हातात ठेवून गेली. "मी येईपर्यंत बंद," एवढंच म्हणाली.

तिचा टेम्पो हायवेला लागला असेल-नसेल, चिंधूदादा घरी आले. हातात हळद-कुंकवाचं ताट, वर लग्नाची पत्रिका. नात उन्नतीची उद्या हळद. पहिल्या घराची पत्रिका घरातल्या कर्त्याने स्वतः द्यायची असते, आणि देणाऱ्याने त्या वेळी काही मागितलं तर घेणाऱ्याने नाही म्हणायचं नसतं. चांगदेवना हे माहीत होतं, आणि चिंधूदादांना ते माहीत होतं हेही माहीत होतं.

दादांनी गार पाणी घेतलं, पावसाचं बोलले, मुलाकडच्या पाहुण्यांचं बोलले. पाहुणे मोठे आहेत, शिळफाट्याकडचे, त्यांना काहीतरी दाखवायला हवं. मग सहज म्हणाले, "उद्या माझी सगली माणसं मांडवात. आज मिक्सर मोकले हायत. एक बाजू भरून टाकू का? पाहुणं बघतील, केण्यांचं काम कसा असतं ते."

"पाइप यायचं हायत, दादा."

"पाइप काय, बाजूनं जातील. चांग्या, घरात हलद हाय."

चांगदेवनी ताटाकडे पाहिलं. मग चावी दिली.

दुपारपर्यंत गोदामाच्या पुढच्या भागात चर बुजवून वर काँक्रीट ओतलं गेलं, घासलं गेलं, आरशासारखं झालं. खरोखर सुंदर काम होतं. चिंधूदादांच्या माणसांनी काम वाईट केलं असं कोणीच कधी म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ललिता पाइप घेऊन आली. आत गेली. त्या आरशाच्या कडेला उभी राहिली. चांगदेव मागे उभे होते. तिने ओरडायला हवं होतं. ते त्यांना सोसलं असतं. पण ती खाली बसली आणि काँक्रीटवर नख दाबून पाहिलं.

"आज फोडलं तर ब्रेकरने निघेल. आठ दिवस थांबलो तर हेच काम तिप्पट होईल, पाइप पावसात जातील आणि दसरा जाईल." मग उठली. "दादांना कोण सांगणार?"

"तुमी म्हनाल्या होत्या, न्हाय म्हनायचं काम तुमचं."

"मी आधीच नाही म्हटलं होतं, काका. गेट तुम्ही उघडलंत. आता मी सांगितलं, तर ते माझ्याकडे बघणार नाहीत, तुमच्याकडे बघतील. आणि तुम्ही काय म्हणता, त्यावर पुढचे तीन महिने माझं गेट बंद राहणार की नाही ते ठरेल." तिने टेम्पोवाल्याला पाइप उतरवायला सांगितलं नाही. टेम्पो गेटाशी उभाच ठेवला. "तुम्ही नाही सांगणार म्हणालात, तर हा परत नेते. मला राग नाही. पण उगाच कशाला उतरवायचे?"

चांगदेव चालत मांडवात गेले. दुपारचे बारा वाजत होते आणि डीजे असा लागला होता, की छाती आतून कोणीतरी ठोठावतंय असं वाटत होतं. उन्नतीला पिवळ्या साडीत चौरंगावर बसवलं होतं, बायका हळद लावत होत्या, मुलाकडचे पाहुणे पुढच्या खुर्च्यांवर. चिंधूदादा मधोमध. चांगदेव त्यांच्या शेजारी बसले आणि बोलले. ऐकू गेलं नाही. पुन्हा बोलले. दादांनी कानाशी हात धरला. शेवटी चांगदेवनी तोंड दादांच्या कानाला लावलं आणि ओरडून सांगितलं, आणि नेमकं तेव्हाच गाणं बदलायला डीजे थांबला.

"तुमचा काँक्रीट फोडाय लागल!"

हळद लावणारा एक हात तसाच उन्नतीच्या गालावर राहिला.

चिंधूदादांनी पाहुण्यांकडे पाहिलं, मग चांगदेवकडे. आवाज चढवला नाही. "हे ती बाई बोलली?"

चांगदेवच्या जिभेवर हो आलं होतं. हो म्हटलं असतं, तर सगळं सोपं झालं असतं. दादांनी बाईला शिव्या दिल्या असत्या, चांगदेवनी मान हलवली असती, टेम्पो परत गेला असता, आणि गेटबाहेर एक खुर्ची आली असती. तिथे बसलेले आपण त्यांना स्पष्ट दिसले.

"न्हाय," ते म्हणाले. "मी बोलतो. गेट मी उघडला. चूक माझी. पाइप खालून जायला पायजेत, न्हायतर कंपनी घेणार न्हाय. आज फोडायचा."

"आज घरात हलद हाय."

"उद्या घट्ट होतो, दादा. तुमीच शिकवलाय ना."

आपल्या काँक्रीटच्या घट्टपणावर दादांनी आयुष्य काढलं होतं, त्यावर हरकत घेणं त्यांना जड गेलं असावं. शेवटी त्यांनी डीजेवाल्याकडे हात केला, लाव म्हणून, आणि चांगदेवना म्हणाले, "आवाज आला न्हाय पायजे."

आवाज आला नाही. गोदामात दुपारभर तीन ब्रेकर चालले. मांडव हाकेच्या अंतरावर, पण डीजेच्या भिंतीपुढे ते कोणाला ऐकू गेले नाहीत. मुलाकडच्या एका म्हाताऱ्या पाहुण्याने तेवढं विचारलं, की पलीकडे दुसरी हळद आहे का. आहे म्हणून सांगितलं. संध्याकाळी चर पुन्हा उघडे झाले, टेम्पोतले पाइप उतरले, आणि चिंधूदादा त्यानंतर पंधरा दिवस चांगदेवशी बोलले नाहीत. ललिताशी मात्र बोलले. आपला नंबर कधी येतो, हे विचारायला त्यांनी स्वतः फोन केला, आणि तिने आठ दिवस आधी सांगते म्हणताच बरं म्हणाले.

चावी पुन्हा ललिताकडे गेली. चांगदेवनी ती स्वतःच आणून दिली आणि त्यानंतर देवळात जायचं बंद केलं. फोन वाजला की उचलत आणि सांगत, मॅडमला विचारा. हे दोन शब्द तोंडात बसायला त्यांना अठ्ठावन्न वर्षं लागली होती.

नवरात्र बसायच्या आधी गोदाम पूर्ण झालं. कंपनीचे साहेब आले, सगळीकडे फिरले, आगीच्या पाण्याचा व्हॉल्व्ह उघडायला सांगितला. पाणी असं सुटलं की साहेब चार पावलं मागे सरले. मग त्यांनी ताब्याच्या कागदावर सही केली, आणि वॉशिंग मशिनांचा पहिला कंटेनर दारात लागला. ललिताने त्याला आत घेतलं. त्याला फोन गेलेला होता.

चंद्रा हे सगळं गेटच्या आतून बघत होता. त्या दिवशी पहिल्यांदाच तो आत आला होता. त्याने खिशातून सेठचा करार काढला, फाडला, आणि तुकडे कुठे टाकावेत ते कळेना म्हणून पुन्हा खिशातच ठेवले. तेवढ्यात सेठचाच फोन आला. चंद्रा बाजूला गेला आणि हिंदीत म्हणाला, "नहीं सेठ, अभी नहीं. हमारा गोदाम हो गया." पलीकडून सेठ बराच वेळ बोलत होता. रागावला नव्हता. इतक्या कमी वेळात कसं झालं, एवढंच त्याला जाणून घ्यायचं होतं. चंद्राने सांगितलं, मॅनेजर चांगली मिळाली. सेठने लगेच तिचा नंबर मागितला. त्याचीही तीन कामं अडली होती.

चंद्राने गोदामाकडे पाहिलं. ललिता दुसऱ्या कंटेनरला हाताने थांबवत होती. चंद्राच्या डोळ्यांसमोर कोनला जाणाऱ्या रस्त्याकडेचं आपलं दुसरं शेत आलं.

त्याने सेठला नंबर सावकाश, नीट सांगितला. शेवटचा आकडा तेवढा बदलून.